भैरोबाची खपली

आबा वॉर्डात शिरले ते वहाणा दाराबाहेर काढूनच. दवाखान्यात कोण वहाणा काढतं? पण घाबरले की ते कुठंही देवळात आल्यासारखे वागायचे. मला काही न विचारता थेट माझ्या मंजीच्या उशाशी गेले आणि बंडीच्या खिशातून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली. आत तांबूस पाणी होतं. टोपण हातानं उघडेना, म्हणून दातानं उघडलं.

"मंजे, ए मंजे. आ कर बघू. भैरोबाचं हाय."

मंजीनं डोळे उघडले. आदल्या दिवशी पुन्हा झटके येऊन गेले होते, जीभ चावलेली, ओठ सुजलेले. तरी आजोबाचा आवाज ऐकून पोरीनं आ केला.

मी बाटलीवर हात ठेवला. "नको, आबा."

"नगं? का नगं? सलाईन लावलंय म्हनून व्हय? आगं तेबी पानी, हेबी पानी."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, द्यायचं नाही."

"काल आलेली पोरगी ती. भैरोबापेक्षा शानी काय?"

पलीकडच्या खाटेवर एक बाई बसली होती. तिचं पोरगं तापानं फणफणलेलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ओंजळ पुढं केली. "बाबा, आमालाबी द्या की वाईच. कुठल्या देवाचं हाय?"

आबांचा चेहरा फुलला. कुणी तीर्थ मागितलं की त्यांचा चेहरा असाच फुलायचा. ते तिच्या ओंजळीकडं बाटली वाकवणार, तेवढ्यात मी ती हिसकावली. खिडकीखाली हात धुवायचं बेसिन होतं. त्यात सगळी उलटी केली आणि वर नळ सोडला.

त्या बाईची ओंजळ तशीच पुढं राहिली होती.

"शालन," आबा म्हणाले, "भैरोबाचं तीर्थ मोरीत वतलंस तू?"

"वतलं."

"आगं, येडी झालीस का?"

आता आधीचं सांगते, नाहीतर तुम्हालाही मी वेडीच वाटेन.

आम्ही गुरव. भैरोबाची पूजा आमच्या घरात किती पिढ्या चालली ते कुणाला माहीत नाही. आमचा भैरोबा म्हणजे माझ्या कमरेएवढा शेंदराचा गोळा. दर रविवारी तेलात शेंदूर कालवायचा आणि हातानं थापायचा. वर्षानुवर्षांच्या थरांखाली मूळ देव कसा आहे हे आबांनीही पाहिलेलं नव्हतं. कधीमधी त्या थराची खपली सुटून पडायची. ती पडली की आमच्या घरात सण. देवानं आपल्या अंगचं दिलं म्हणायचे. ती खपली घरात डब्यात ठेवायची. कुणी आजारी पडलं, कुणी पोटुशी राहिली, की चिमूटभर खपली सहाणेवर उगाळून, देवाच्या अंघोळीच्या पाण्यात कालवून, गूळ घालून पाजायची. गावाला तीर्थ पळीभर मिळायचं. खपली मात्र फक्त गुरवाच्या घरच्यांना. तो आमचा मान होता.

मंजीचा बाप दुसरीच्या घरी राहायला गेला तेव्हा मंजी कडेवर होती. मी तिला घेऊन आबांकडं, माझ्या बापाकडं आले. आबांनी एका शब्दानं विचारलं नाही. आजी, म्हणजे आबांची आई, तेव्हा वारलेली, घरात ते एकटेच. मंजीला त्यांनी जी छातीशी धरली ती धरलीच. देवळात जाताना खांद्यावर मंजी, शेंदूर कालवताना मांडीवर मंजी. पोरगीही गुणाची. दोन वर्षांची असताना अख्खी आरती म्हणायची, ती पण हातवारे करून.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं.

साधं दुखणं नव्हे. गुडघे छातीशी घेऊन पोरगी भुईवर गडगडायची. चार घास खायची नाही. पांढरीफटक पडली. पाठ केलेलं विसरायला लागली. पहिलीत बाईंनी शाबासकी दिलेली पोरगी दुसरीत स्वतःचं नाव लिहिताना अडायची. तालुक्याच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. दुसऱ्यानं गॅस म्हटलं. तिसरा खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "बाप नाही ना घरात? मग लक्ष वेधून घ्यायला करतात मुलं असं." त्याला मी त्याच्या आईवरून जे बोलले ते इथं लिहीत नाही.

गावाला या दुखण्याचं नवल नव्हतं. आमच्याकडं त्याला नावच होतं, गुरवाची कळ. आबांना यायची, आबांच्या वडिलांना यायची, चुलते त्यातच गेले. भैरोबाची सेवा करणाऱ्याला भैरोबा अशी आठवण देतो, असं म्हणायचे. आणि कळ आली की उपाय काय? खपली. मंजीलाही आबा रोज सकाळी स्वतःच्या हातानं उगाळून पाजायचे. जास्त दुखलं की जास्त.

एकाच ठिकाणी मंजी बरी असायची, माझ्या आईकडं.

आई आमच्यात राहत नव्हती. तिला माहेरी हाकलून दिलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिची पोरं जगत नव्हती. काही पोटातच गेली, दोन होऊन गेली, जगले ती मी एकटी. आजीनं ठरवलं, ही पांढऱ्या पायाची, हिच्या विटाळानं देव कोपलाय. आबा उंबऱ्याशी उभे होते. आजीनं आईचं बोचकं अंगणात फेकलं आणि मला हाताला धरून आत ओढलं. आबा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हे मी आजवर विसरलेले नाही.

मोठी झाल्यावर मी आईकडं जाऊ-येऊ लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंजीला घेऊन जायचे. तिथं पंधरा दिवसांत पोरगी माणसात यायची. भाकरी खायची, मामाच्या शेरडामागं पळायची. परत घरी आणली की महिन्याभरात पुन्हा गुडघे छातीशी. यातून आबांनी काय अर्थ काढावा?

"तिथं जाती आनि दुखनं घिऊन येती. तुझ्या आईचा पायच तसला. म्हंजी तिथं असंस्तवर देव गप बसतो, हितं आली की जाब इचारतो. आता न्यायाची न्हाई तिला."

त्या वर्षी त्यांनी नेऊ दिलं नाही आणि त्याच वर्षी मंजीला झटके आले.

जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात आणली. तिथं ही डॉक्टरीणबाई भेटली. वयानं माझ्याहून लहान, केस कसेबसे बांधलेले, रागीट. पण तिनं मंजीचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. आजवर कुणी बघितल्या नव्हत्या. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती. रक्त काढून मुंबईला पाठवलं आणि मला प्रश्नांवर प्रश्न विचारले. घरात कुणी बॅटऱ्यांचं काम करतं का? रंगारी आहे का? काजळ कुठलं? मी सगळ्याला नाही म्हटलं आणि ते खरंही होतं. देवाला कोण त्या यादीत धरतं?

रिपोर्ट आला त्या दिवशी दुपारी ती मंजीपाशीच उभी होती. नर्सनं मंजीचं कपाळ ओल्या कापसानं पुसलं. कापूस केशरी झाला.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"देवाचं. शेंदूर."

"नुसता लावता, की पोटातही देता?"

"देतो की," मी म्हटलं. "रोज."

तिनं तो कापूस हातात घेतला. मग मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. शेंदूर शिशापासून करतात. शिसं पोटात गेलं की विष. रक्तात जातं, हाडात बसतं, लहान पोराच्या मेंदूत जातं. बाहेर काढायचं औषध आहे, मागवलंय. पोरगी बहुतेक वाचेल. पण मेंदूतलं जे गेलं ते परत येईल असं तिनं सांगितलं नाही. मी विचारलं तरी सांगितलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बाटली घेऊन हजर.

बाटली मोरीत ओतल्यावर आबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. गलका ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आबांना स्टुलावर बसवलं आणि मला सांगितलं होतं तेच सगळं पुन्हा सांगितलं. हळू, एकेक शब्द सुटा करून.

आबांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमचं बराबर आसंल. पर मी जल्मापास्नं पितोय. ईख आसतं तर मी हितं बसलो आसतो का?"

"हात पुढं करा," ती म्हणाली. "असा सरळ. आता पंजा वर उचला."

पंजा उचलला जाईना. मनगटापासून खाली लोंबत राहिला.

"कधीपासून असं?"

"चार-पाच साल झाली. वय झालं की आता."

"पोटात कळा येतात?"

"त्या तर घरात सगळ्यास्नीच."

"खपली घेणाऱ्या सगळ्यांना?"

आबांनी तो लोंबता पंजा दुसऱ्या हातानं मांडीवर ओढून घेतला.

"मुलं किती तुम्हाला?"

"ही येकटी."

"बाकीची?"

"जगली न्हाईत."

"मिसेसना गरोदरपणात देत होतात हे?"

"म्हंजी काय? पोटुशीला तर पयलं. आमची आई सोता उगाळून द्यायची. दोन टायमाला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "मग या कशा जगल्या?"

तिनं सहज विचारलं असेल. पण तो प्रश्न आजवर आमच्या घरात कुणी विचारलाच नव्हता. बाकीची का मेली हे सगळे विचारायचे, शालन का जगली हे कुणी नाही.

आबा भिंतीकडं बघत बोलायला लागले. "ही पोटात व्हती तवा आमच्या आईचं आन तिचं वाजलं. दिस गेल्यालं कळायच्या आदीच ती म्हायेराला गेलती. ही तकडंच झाली. वरीसदीड वरीस तकडंच ऱ्हायली. मी आनाया गेलो तवा ही चालत व्हती. मला बघून पळाली."

"तिकडं खपली नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"न्हाई. तकडं कुठली."

पलीकडच्या बाईनं पोराला पदराखाली घेतलं. मग आबांच्या तोंडातून एक नाव आलं. आधी मला कळलंच नाही ते कुणाचं.

"हौसा," ते म्हणाले.

माझ्या आईचं नाव. जन्मात पहिल्यांदा मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. एरवी 'तुझी आई', नाहीतर 'ती'.

मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. म्हटलं, आता. आता माझ्या आईचा निवाडा होणार.

"आता तिला सांगायचं," मी म्हटलं. "तुम्ही सांगायचं."

"कुठल्या तोंडानं सांगू, शालन?"

"उंबऱ्यात उभं राहून जे उघडलं नाही त्याच."

मंजी वाचली. महिनाभर सुया टोचून घेतल्या तिनं, पण झटके थांबले, कळा थांबल्या. दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला घरी नेली नाही. एसटीनं थेट आईच्या गावाला निघालो. आबा शेजारच्या सीटवर बसलेले, मंजी माझ्या मांडीवर. वाटेत मंजी म्हणाली, "आबा, आरती म्हणू?" आणि पहिल्या ओळीनंतर तिला पुढची आठवेना. पुन्हा पहिली म्हणाली. पुन्हा अडली. आबांनी तिला पुढची ओळ सांगितली नाही. खिडकीबाहेर तोंड करून बसले.

आम्ही पोचलो तेव्हा मामा-मामी रानात होते. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. आबांना बघून तिचा हात आपोआप पदराकडं गेला. इतक्या वर्षांनी, हाकलून दिलेल्या बाईचा. माझं डोकं तिथंच फिरलं.

"बस गं पोरी," आई मला म्हणाली. "मंजीला काय झालं? सुकली किती." आबांना काही म्हणाली नाही. पण सुपातल्या शेंगा बाजूला केल्या, जागा केली.

आबा बसले नाहीत. उभ्यानंच बोलायला लागले. सुरुवात एसटीपासून केली, मग दवाखाना, मग डॉक्टरीणबाई, मग पुन्हा एसटी. आईला काही उमगेना. ती माझ्याकडं बघायला लागली.

"ह्ये काय म्हनत्यात गं?"

"आई, ती खपली," मी म्हटलं. "खपलीत विष होतं. मंजीला त्यानं झालं. आणि तुझी पोरं पण त्यानंच गेली. तुझ्यात काही दोष नव्हता. कधीच नव्हता. यांच्या घरात दोष होता. ते सांगायला आणलंय मी यांना."

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिथं काय दिसणार याची मी एसटीत अख्खा रस्ताभर वाट बघितली होती. ती रडेल. ती आबांना शिव्या देईल. शेंगांचं सूप त्यांच्या अंगावर फेकेल. फेकावं, असं मला वाटत होतं.

आईनं एक शेंग उचलली, फोडली, दाणे सुपात टाकले.

"माझा पाय पांढरा नव्हता म्हनता?"

"नव्हता," आबा म्हणाले. "हौसा, नव्हता गं." आणि ते वाकले. नवरा बायकोच्या पाया पडायला वाकलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "उठा. शेजारपाजारचं बगत्यात."

आबा उठले.

"दगडू," आई म्हणाली, "त्यो तर बसायला लागला व्हता. आदीचा इलास गेला म्हनून ह्याचं नाव दगडू ठिवलं, देवाला आवडू नये म्हनून. त्यो लई गोडीनं प्यायचा. गूळ आसायचा ना. तुमच्या आईचा हात दुखायचा तवा मीच उगाळायची. मीच पाजायची. वाटी चाटायचा."

"तुला काय ठाऊक, आई," मी म्हटलं.

"व्हय. मला काय ठाऊक." तिनं आणखी एक शेंग घेतली, पण फोडली नाही. "न्हाई पाजलं आसतं तर जगला आसता म्हनता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला मी आजवर खोटं कधी बोलले नव्हते.

"जगला असता," मी म्हटलं.

"आन इलास?"

"तो पण."

"पोटात गेलेली?"

मी हो म्हणून मान हलवली.

आई म्हणाली, "मी आपली म्हनत हुते, देवानं न्हेली. माझ्यापाशी ऱ्हायची न्हवती, देवाला पायजे व्हती. येवढी साल निजताना त्येच म्हनून निजत हुते. देवापाशी हायत, न्हानी हायत, तित्तं त्यास्नी काय कमी पडत न्हाई." मग ती आबांकडं वळली. त्या दिवशी पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडं बघून बोलली. आवाज चढला नव्हता. "घर घेतलंसा. पोरगी ठिऊन घेतलीसा. मी काय म्हनले का? ह्ये येवढंच ऱ्हायलं व्हतं माझ्याकडं. तेबी आज येऊन काढून घेतलंसा व्हय?"

आबा शेवटच्या गाडीनं परत गेले. जेवले नाहीत, तिनंही वाढलं नाही. त्यांनी त्या रविवारपासून पूजा सोडली. गावासमोर उभं राहून सांगितलं की पोराबाळांना पाजू नका. गावानं ऐकून घेतलं आणि पूजा आबांच्या चुलतभावाच्या पोराला दिली. तो पाजतो, अजूनही. मी सांगायला गेले तर बाया माझ्या तोंडावर दार लावतात. लावू देत. मी पुन्हा जाते.

आबा पुढं दोन वर्षांनी गेले. मंजी आज बाईमाणूस झालीय, माझ्याजवळ असते. वेणी मी घालून देते. सुट्ट्या पैशांचा हिशेब तिला अजून जमत नाही, आरतीची पहिली ओळ मात्र रोज म्हणते.

आणि आई. त्या दिवसापर्यंत तिची मेलेली पोरं तान्ही होती, जिथल्या तिथं थांबलेली. त्या दिवसापासून ती वाढायला लागली. त्याच वर्षी आई मला म्हणाली, "इलास आता तुझ्याहून चार सालानं थोरला आसता गं." पुढच्या दिवाळीला म्हणाली, "दगडूची नोकरी कुटं आसती कुनास ठाऊक." मी तिला गप्प करायला बघितलं, रागावले, मामीनं अंगारे-धुपारे केले. काही उपयोग झाला नाही.

मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा ती आंधळ्यासारखी चाचपडत दारात आली. आता नीट दिसत नाही तिला. माझ्या पाठीमागं बघत म्हणाली, "येकटीच आलीस? भाऊ न्हाई आले तुझे?"

"रजा नाही मिळाली, आई," मी म्हटलं, "पुढच्या खेपेला येतील."